साथ आणि दाद : समूहगायनाच्या श्रोत्याविषयी काही विचार

१

मराठी समीक्षेने गायकाचा विचार पुष्कळ केला आहे. कवीचा तर त्याहूनही अधिक. परंतु गावोगावची जी मंडळी आठवड्यातून एकदोन रात्री एकत्र जमून गातात, ज्यांच्यापैकी एकालाही गायक म्हणून नाव नाही आणि ते मिळवावे अशी इच्छाही नाही, त्यांच्या गाण्याकडे समीक्षेचे लक्ष क्वचितच गेले आहे. या गाण्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा दोन प्रकारचे असते. संतवाङ्मयाच्या अभ्यासात भजनाचा उल्लेख अभंगांच्या प्रसाराचे एक साधन म्हणून येतो; आणि समारंभांच्या वृत्तांतात भजनी मंडळाचा गौरव 'सांस्कृतिक कार्य' या मोघम नावाखाली होतो. पहिल्या प्रकारात गाणे नाहीसे होते, दुसऱ्यात परीक्षण नाहीसे होते. दोन्ही प्रकारांत जो सर्वस्वी वगळला जातो तो म्हणजे हे गाणे ऐकावयास येणारा, त्यासाठी सतरंजी अंथरणारा, वर्गणी देणारा आणि शेवटपर्यंत बसणारा श्रोता.

प्रस्तुत लेखाचा विषय हा श्रोता होय. समूहगायनाला समाजाने द्यावयाचा आधार म्हणजे नेमके काय, तो पैशाने दिला जातो की उपस्थितीने, आणि उपस्थितीने दिला जात असेल तर ती कोणत्या प्रकारची असावी लागते, हा प्रश्न वरवर व्यवहाराचा वाटतो. परंतु तो समीक्षेचाही आहे. ज्या गायनात गाणारा आणि ऐकणारा यांच्यातील सीमारेषाच पुसट असते, तेथे ऐकणाऱ्याचा विचार केल्याशिवाय गाण्याचे मूल्य ठरविता येत नाही. विवेचनासाठी मुख्यतः वारकरी भजनाची परंपरा घेतली आहे. तुलनेसाठी युरोपातील वृंदगायनाचे एक उदाहरण घेतले आहे. ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही. गोव्यातील चर्चमधून आणि पुढे मुंबईतून ते वृंदगायनही मराठी भाषकांच्या शेजारी गेली काही शतके नांदत आलेले आहे.

२

प्रारंभी तीन शब्दांचा विचार करणे इष्ट होईल.

पहिला शब्द 'सामाजिक'. संस्कृत साहित्यशास्त्रात नाट्याच्या प्रेक्षकाला हे नाव आहे. 'समाज' म्हणजे एकत्र जमलेला मेळावा आणि त्यात बसलेला तो सामाजिक. आज आपण हा शब्द सर्वस्वी निराळ्या अर्थाने वापरतो. पण त्याचा हा जुना अर्थ लक्षात ठेवण्याजोगा आहे. रसिक हा एकटा नसून मेळाव्यातला एक आहे, हे त्यात गृहीत धरलेले आहे. अभिनवगुप्ताने तर असे मानले की, सर्व प्रेक्षकांची चित्ते एकाच वेळी एकाच विषयात लीन झाली म्हणजे प्रत्येकाचा आस्वाद त्या एकीमुळे पुष्ट होतो. शेजारी बसलेल्याचे तल्लीन होणे हे माझ्या तल्लीन होण्याचे एक कारण असते, असा याचा भावार्थ. आधुनिक मराठी समीक्षेने अभिनवगुप्ताकडून 'सहृदय' घेतला तो मात्र बहुधा एकटाच पुस्तक वाचत बसलेला असा घेतला. छापील काव्यापुरते ते योग्यही असेल; समूहगायनाला ते पुरेसे नाही.

दुसरा शब्द 'साथ'. संस्कृत 'सार्थ' म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. एका वाटेने मिळून जाणाऱ्यांचा जथा. त्या शब्दापासून आलेला 'साथ' मराठीत दोन ठिकाणी रुजला. तबलजी गवयाची साथ करतो, आणि माणूस माणसाला संकटात साथ देतो. संगीतातील साहाय्य आणि आयुष्यातील पाठिंबा यांना आपण एकच शब्द वापरतो, याकडे सहसा आपले लक्ष जात नाही. समूहगायनात हे दोन्ही अर्थ पुन्हा एकत्र येतात.

तिसरा शब्द 'दाद'. हा फारसीतून आला आणि तेथे त्याचा अर्थ न्याय असा आहे. मराठीत आपण गाण्याला दाद देतो आणि सरकारदरबारी दाद मागतो. रसिकाची पसंती आणि फिर्यादीची सुनावणी यांना एकच शब्द असावा हा केवळ योगायोग मानण्याचे कारण नाही. दाद देणे म्हणजे समोरच्याचे म्हणणे खरोखर ऐकले गेले, त्याची योग्य ती किंमत झाली, याची खूण. म्हणून दाद ही नुसत्या स्तुतीहून वेगळी आहे. स्तुती न ऐकताही करता येते. दाद देण्यासाठी ऐकावे लागते.

साथ आणि दाद या दोन गोष्टी मिळून समूहगायनाचा आधार होतो, आणि त्यांपैकी एक सुटली तर दुसरीही फार काळ टिकत नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

३

वारकरी भजनाची रचना पाहावी. वीणेकऱ्याने अभंग धरावयाचा, पखवाज मध्ये, आणि टाळकरी समोरासमोर दोन ओळींत उभे. ही मांडणी मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. टाळकरी प्रेक्षकांकडे तोंड करून उभे नसतात. ते परस्परांकडे तोंड करून उभे असतात. एका ओळीने चरण म्हटला की दुसरी ओळ तो उचलते. जेव्हा एक ओळ गाते तेव्हा दुसरी ओळ हीच तिची श्रोता असते. बाहेरच्या श्रोत्यासाठी या रचनेत वेगळी जागा राखून ठेवलेली नाही. तो ओळीच्या टोकाला येऊन उभा राहतो, आणि हाती टाळ आला की ओळीत शिरतो. या परंपरेतील श्रोता हा विसावा घेत असलेला टाळकरी होय, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही.

कीर्तनातही हेच तत्त्व आहे. वारकरी कीर्तनकार एकटा उभा राहत नाही. त्याच्या मागे टाळकऱ्यांची रांग असते आणि निरूपणाच्या प्रत्येक वळणावर ती धृपद उचलते. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांची स्मृती संप्रदायाने जपली, त्यांची नावे सांगितली. संताजी जगनाडे यांचे नाव त्यांतलेच. प्रमुख गाणाऱ्याबरोबर साथ करणाऱ्यांचीही नावे परंपरेने स्मरणात ठेवावीत, ही गोष्ट आपल्या संगीताच्या इतिहासात तितकीशी सामान्य नाही.

या साथीचे सर्वांत कठोर रूप गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात दिसते. सात दिवस पहाटेचा काकडा, दिवसा पारायण, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर असा क्रम चालतो. परंतु या सर्वांच्या मुळाशी वीणेचा पहारा असतो. सप्ताह बसला की वीणा जमिनीवर टेकवावयाची नाही. एकाने दुसऱ्याच्या गळ्यात ती घालावयाची, आणि ठरलेल्या वेळेपर्यंत त्याने ती घेऊन उभे राहावयाचे. पहाऱ्यांची यादी आधीच लावलेली असते. मध्यरात्रीनंतरच्या पहाऱ्यावर मंडपात कित्येकदा कोणीच नसते. दिवे चालू असतात, एखादे कुत्रे कोपऱ्यात निजलेले असते, आणि एक शेतकरी वीणा घेऊन हळू आवाजात नाम घेत उभा असतो. अशा वेळी त्याचे ऐकणारा कोण, असा प्रश्न कोणी केला तर भाविक मनुष्य 'देव' असे उत्तर देईल. समीक्षकाने आपल्या मर्यादेत राहून एवढेच म्हणावे की, यादीत त्याच्या खालचे नाव ज्याचे आहे, तो. तो झोपेतून उठून, तोंडावर पाणी मारून, वेळेवर येईल या भरवशावर पहिल्याचे उभे राहणे अवलंबून असते. येथे उपस्थितीला कौतुकाचा लवलेश नाही. ती शुद्ध जबाबदारी आहे.

गोव्यात वास्को येथील दामोदराच्या भजनी सप्ताहात हेच तत्त्व निराळ्या रूपाने आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या या उत्सवाचे नाव सप्ताह असले तरी अखंड भजन चोवीस तासांचे असते आणि जत्रा पुढे काही दिवस चालते. भजनाची साखळी एका पथकाकडून दुसऱ्याकडे जाते. निरनिराळे व्यवसाय करणारे समाज आपापले पार काढतात. तेथे आधार देणारा आणि गाणारा हे पूर्णतः वेगळे नाहीत. ज्याने खर्च उचलला त्याचीच माणसे मिरवणुकीत चालत असतात.

पैशाच्या आधाराविषयीही येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी दिले, आणि अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे व तंबू पुरविले. ती सेवा त्या घराण्याने पुढे चालू ठेवली. हा आश्रय निःसंशय मोलाचा होता. परंतु त्याने दिंडीच्या गाण्यात मालकी मागितली नाही. घोडा पालखीबरोबर चालतो, अभंग कोणता धरावयाचा हे वीणेकरी ठरवितो. वाटेवरच्या गावांनी दिलेल्या पंगती हाही आश्रयच. तेथेही देणारा स्वतः पालखीच्या वाटेवर उभा असतो. उपस्थितीवाचून दिलेला आधार या परंपरेला परिचित नाही.

४

आता दादेकडे वळू. भजन ही उपासना आहे, तीत परीक्षण कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. हा आक्षेप बाहेरच्यांचा आहे. संप्रदायाचा तो नाही. भजनाचा क्रम ठरलेला असतो. रूपाच्या अभंगाआधी दुसरे काही घेतले, चाल बदलली, लय अवेळी चढवली, तर जुना टाळकरी तेथल्या तेथे हाताने थोपवितो. याहून लक्षणीय उदाहरण पालखीच्या मुक्कामावरील समाजआरतीचे आहे.

संध्याकाळी पालखी तळावर आली की सर्व दिंड्या तिच्याभोवती गोलाकार उभ्या राहतात. हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार आपला चोप उंच करतो आणि क्षणात सर्वत्र शांतता पसरते. परंतु एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तिच्यावर दिवसभरात काही अन्याय झाला असेल, तर तिने टाळ थांबवावयाचे नाहीत असा संकेत आहे. सगळा तळ निःशब्द असताना एकाच दिंडीचे टाळ वाजत राहतात. मग चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकून घेतो, निवाडा होतो; त्यानंतरच ते टाळ थांबतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात आणि आरती सुरू होते.

हा प्रसंग पाहणाऱ्याला 'दाद' या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र भेटतात. येथे टाळ हे संगीताचे वाद्य आहे आणि फिर्यादीचेही. समूहाची शांतता ही येथे आज्ञापालन नव्हे. जो बोलू इच्छितो त्याचे ऐकू यावे म्हणून इतरांनी करून दिलेली ती जागा आहे. भरताने नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार करताना हसणे, साधुकार, उठून उभे राहणे यांना मानुषी सिद्धीची लक्षणे म्हटले. आणि जेथे रंगमंडप भरलेला असूनही गलबला नाही, क्षोभ नाही, ती दैवी सिद्धी मानली. समाजआरतीतील शांतता या दुसऱ्या प्रकारची आहे. मात्र तिच्यात तक्रारीला जागा आहे, हा तिचा विशेष. भरताने त्याच अध्यायात प्राश्निकांचीही योजना केली आणि त्यांत छंदाचा जाणकार, व्याकरणाचा जाणकार, गवई, चित्रकार अशा निरनिराळ्या परीक्षकांचा समावेश केला. परीक्षण हे आस्वादाच्या विरोधी आहे अशी कल्पना आपल्या परंपरेला मान्य नव्हती, हे यावरून दिसून येते.

५

तथापि या चित्राची दुसरी बाजू झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. समूहाने एका सुरात गायिले म्हणजे तो समूह एक झाला, असे मानण्याकडे भाविकांचा आणि अभ्यासकांचाही कल असतो. इतिहास मात्र त्याला पूर्णपणे साक्ष देत नाही.

चोखामेळ्याचे अभंग शतकानुशतके भजनात गायिले गेले. परंतु चोखोबांना मंदिरात प्रवेश नव्हता आणि त्यांची समाधी महाद्वारासमोर, बाहेर, आहे. ज्याचे शब्द आत गायिले जात त्याच्या समाजाने ते बाहेरून ऐकावेत, ही स्थिती पंढरपुरात मे १९४७ पर्यंत टिकली. त्या महिन्यात साने गुरुजींच्या उपोषणानंतर विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले झाले. या घटनेकडे मंदिरप्रवेशाचा प्रश्न म्हणून पाहिले जाते ते योग्यच आहे. पण तो श्रोत्याच्या हक्काचाही प्रश्न होता. कोणी ऐकावयास येऊन बसावे आणि कोणी येऊ नये हे ज्या समाजात आधीच ठरलेले असते, तेथे गाण्याची एकी अपुरीच असते.

इरावती कर्वे यांनी 'परिपूर्ती' या १९४९ मधील संग्रहातील 'वाटचाल' या लेखात वारीचे जे वर्णन केले आहे, त्यात दिंडीच्या आनंदाबरोबर जेवणाच्या वेळी जातीप्रमाणे होणारी तिची विभागणीही त्यांनी टिपली आणि त्याविषयीची आपली खंतही नोंदविली. दिवसभर एका लयीत चालणारी माणसे पंगतीला वेगळी होत. दि. बा. मोकाशी यांच्या 'पालखी' (१९६४) या पुस्तकातही हा प्रवास भावुकपणाशिवाय, थकवा, पाऊस आणि स्वतःच्या शंका यांसह आला आहे. या दोन लेखकांनी वारकरी समूहाला जी साथ दिली ती त्याच्याबरोबर चालून दिली. आणि जे खटकले ते लिहून दाखविले, ही त्यांची दाद. समूहाविषयी प्रेम असणे आणि त्याच्याविषयी सत्य सांगणे यांत विरोध नाही, याची ही दोन मराठी उदाहरणे होत.

६

आता तुलनेचे उदाहरण घेऊ. १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिन शहरात हँडेलच्या 'मसाया' या रचनेचा पहिला प्रयोग झाला. गायकवृंद शहरातील दोन मोठ्या चर्चमधून आलेला होता. त्यांपैकी एकाचे प्रमुख असलेल्या जोनाथन स्विफ्ट यांनी आपल्या गायकांनी अशा कार्यक्रमांत गाण्यास आरंभी विरोध केला होता. उत्पन्न तीन कामांसाठी होते : कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांची सुटका आणि शहरातील दोन रुग्णालये. जागा अपुरी असल्याने, अधिक लोकांना बसता यावे म्हणून स्त्रियांनी आपल्या घेरदार झग्यांखालील कड्या आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून याव्यात, अशी विनंती आधी प्रसिद्ध करण्यात आली. सुमारे ७०० लोक आले, आणि जमलेल्या पैशातून १४२ कर्जदार सुटले असे सांगितले जाते. पुढे लंडनमध्ये १७५० पासून हीच रचना अनाथ मुलांच्या संस्थेच्या मदतीसाठी दर वर्षी गायिली जाऊ लागली.

हा श्रोता वारकरी श्रोत्याहून निराळा आहे. तो गात नाही. पैसे देऊन बसतो, गप्प राहतो. परंतु त्यालाही काही सोडावे लागले आहे. तलवार आणि झग्याचा घेर ही दोन्ही प्रतिष्ठेची चिन्हे होती. शेजाऱ्याला जागा व्हावी म्हणून ती घरी ठेवणे हा त्याच्या उपस्थितीतील खरा त्याग होता. तिकिटाचे पैसे त्यानंतरचे. आणि गाण्यापासून वेगळा बसल्यामुळे त्याला एक सामर्थ्य मिळाले जे टाळकऱ्याला सहज मिळत नाही. गाणे बरे झाले की वाईट हे तो अंतरावरून ऐकू शकला. युरोपातील वृंदगायनाची समीक्षा या अंतरातून वाढली.

याच रचनेचा पुढील प्रवासही उद्‌बोधक आहे. इंग्लंडातील हडर्सफील्ड या कापडगिरण्यांच्या गावी १८३६ मध्ये हौशी गायकांची वृंदगायन संस्था निघाली आणि 'मसाया' हे तिच्या वार्षिक जीवनाचे अंग बनले. १८५० नंतरच्या दशकात मुंबईत गिरण्या सुरू झाल्या, आणि कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगारांनी चाळींतून भजनी मंडळे उभी केली. दोन्हीकडे कापडाच्या कामाने माणसे एका पाळीत, एका भोंग्याला बांधली गेली, आणि दोन्हीकडे त्यांनी कामाबाहेर एकत्र गाण्याची सोय करून घेतली. फरक हा की, हडर्सफील्डचा वृंद सभागृहात जाऊन बसला, तर गिरणगावचे भजन खोलीत, गच्चीवर आणि गल्लीत राहिले. डबल बारीच्या सामन्यात मात्र मुंबईच्या श्रोत्यानेही परीक्षकाची जागा घेतली. दोन बुवांनी एकमेकांना गाण्यातून उत्तरे द्यावयाची आणि समोरच्या गर्दीने कोण सरस ते ठरवावयाचे. तेथला 'कोरस' हा शब्दही त्या मंडळींनी सहज आपलासा केला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळी विरळ झाल्या आणि त्यांबरोबर ही श्रोतृमंडळीही विखुरली. गाणारे एकेकटे कोठेही जाऊन गाऊ शकतात. रोजचे ऐकणारे मात्र जागेला बांधलेले असतात, ही गोष्ट त्यावेळी फारशी कोणाच्या ध्यानी आली नाही.

गोव्यात या दोन पद्धती एकाच गावात नांदल्या. चर्चला जोडलेल्या शाळेत मेस्त मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवी. वृंद चर्चच्या प्रवेशद्वारावरील सज्ज्यातून गात असे, म्हणजे उपासकांच्या पाठीमागून. तेथे गाणारा दिसत नाही, फक्त ऐकू येतो. शेजारच्या देवळात भजनी मंडळी लोकांच्या मधोमध बसलेली असे. श्रोत्याला कोठे बसवावयाचे याची ही दोन उत्तरे होत, आणि दोन्ही विचारपूर्वक दिलेली आहेत.

७

आजच्या स्थितीकडे पाहता या दोन्ही उत्तरांचे गुण सोडून दोष तेवढे आपण उचलले की काय, अशी शंका येते. भजन आता बऱ्याच ठिकाणी व्यासपीठावर गेले आहे. टाळकरी परस्परांकडे पाहण्याऐवजी ध्वनिक्षेपकाकडे पाहून गातात. पहिल्या रांगेत देणगीदार बसतात, मध्येच सत्कारासाठी गाणे थांबते आणि सत्कार आटोपताच ती रांग रिकामी होते.

प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी पाहिलेली एक भजनस्पर्धा या संदर्भात नमूद करण्यासारखी आहे. बारा मंडळे होती. प्रत्येक मंडळाबरोबर त्याच्या गावची, घरची माणसे आली होती. आपल्या मंडळाचे गाणे झाले की टाळ्यांचा कडकडाट होई आणि ती सर्व माणसे उठून जात. दहाव्या मंडळाच्या वेळी सभागृहात परीक्षक, ध्वनियंत्रणा सांभाळणारा मुलगा आणि उरलेल्या दोन मंडळांची माणसे एवढेच राहिले होते. हे दहावे मंडळ घाटाखालच्या एका वस्तीतील स्त्रियांचे होते. त्यांच्या गाण्यात आवाजाचे फारसे वैभव नव्हते; पण धृपद उचलताना कोणाचाही आवाज पुढे येत नव्हता आणि शब्दन् शब्द स्पष्ट होता. पखवाज वाजविणारी मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असावी. लय चढविण्याचा मोह तिने शेवटपर्यंत आवरला. त्या दिवसाचे ते उत्तम भजन होते असे आमचे मत झाले. ते ऐकावयास मात्र कोणी उरले नव्हते. त्यांना उत्तेजनार्थ पारितोषिक मिळाले. आणि समारोपाच्या भाषणात सर्वच मंडळांचे सारखे कौतुक झाले.

हे सारखे कौतुक हाच खरा दोष आहे. ते उदारपणाचे वाटते, पण त्याच्या मुळाशी उपेक्षा असते. हौशी माणसांचे गाणे आहे, त्यात काय पारखावयाचे, असा त्यातील न बोललेला विचार असतो. ज्याचे गाणे मन लावून ऐकले त्याला कोणी सर्वांसारखे म्हणत नाही. नात्यापुरते येणे आणि नात्यापुरती टाळी वाजविणे याला साथ म्हणता येत नाही, आणि परीक्षणाशिवायच्या स्तुतीला दाद म्हणता येत नाही.

मग समूहगायनाचे परीक्षण कोणत्या कसोट्यांवर करावे? एकट्या गवयाच्या कसोट्या येथे लागू करणे अन्यायाचे होईल. आमच्या मते पुढील गोष्टी पाहाव्यात. धृपद उचलताना आवाज एकमेकांत मिळतात की दोनचार बळकट आवाज इतरांना झाकतात. शब्द कानी पडतात की टाळांत बुडतात. लय अर्थाबरोबर चढते की केवळ वाजविणाऱ्याच्या उत्साहाबरोबर. दुबळ्या आवाजाच्या माणसाला मंडळात जागा आहे का आणि ती कशी दिली आहे. आणि शेवटी, गाणे थांबल्यावरचा क्षण मंडळाला सांभाळता येतो की टाळीची वाट पाहण्यात तो वाया जातो. यांपैकी चौथी कसोटी नैतिक वाटेल, परंतु ती कलेचीही आहे. दुबळ्या आवाजाला सामावून घेणारा स्वर हा समूहगायनाचा स्वतःचा स्वर असतो. तो एकट्या गायकाला कधीही लावता येत नाही.

श्रोत्याकडूनही अशाच काही अपेक्षा ठेवणे प्राप्त आहे. त्याने गाणे सुरू होण्यापूर्वी यावे. आपल्या माणसांचे झाल्यावर इतरांचे ऐकावे. आणि दुसऱ्या वेळी पुन्हा यावे. पहिल्या वेळी जाणे हे बहुधा आमंत्रणाने घडते. दुसऱ्या वेळी गेल्यावरच मागच्यापेक्षा काय सुधारले आणि काय बिघडले हे कळू लागते, म्हणजेच दाद देण्याचा अधिकार मिळतो. वर्गणी जरूर द्यावी; पण ती देऊन आपण मोकळे झालो असे समजू नये. मंडळांनीही श्रोत्यांना खुर्च्यांच्या रांगांत कायमचे दूर बसवू नये. निदान एखादे धृपद तरी सर्वांना उचलता येईल असे ठेवावे, म्हणजे ऐकणारा आणि गाणारा यांच्यातील जुनी वाट बुजणार नाही.

८

या विषयाचा पुढील अभ्यास करावयाचा झाल्यास साधने आपल्या जवळच आहेत, आणि ती झपाट्याने नष्ट होत आहेत. अनेक मंडळांकडे अभंगांच्या हस्तलिखित वह्या असतात. त्यांत चालींच्या खुणा, कोणी कोणता अभंग धरावयाचा याच्या नोंदी असतात. जमाखर्चाच्या चोपड्यांत वर्गणी देणाऱ्यांची नावे, पखवाजाला शाई घालण्याचा खर्च, दिव्याच्या तेलाचा आणि पुढे विजेचा खर्च लिहिलेला सापडतो. आणि सप्ताहाच्या पहाऱ्याच्या याद्या असतात. उत्सव संपला की त्या बहुधा फेकून दिल्या जातात. वाङ्मयेतिहासाने कवींच्या आणि कीर्तनकारांच्या नावांची नोंद ठेवली. पण रात्री दोन ते चार या वेळात कोण उभे होते, आणि त्याच्यानंतर कोण आले, याची नोंद या कागदांवाचून इतरत्र कोठेही मिळणार नाही.

विभागातील विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या एका तरी मंडळाच्या वह्या आणि याद्या मिळवून त्यांच्या नकला कराव्यात, अशी सूचना करून हे विवेचन संपवितो. मात्र त्या मागावयास जाताना दिवसा कागद मागून परत येऊ नये. एक पहारा स्वतःच्या नावावर लावून घ्यावा.